कुणीतरी रात्रपाळीला आहे

बाबा नळाचं पाणी आधी जिभेच्या टोकावर घ्यायचे,
नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून,
मग आकडा सांगायचे : साडेतीनशे. चालेल.
रुवीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
पाहुणे बसलेले असले की मला लाज वाटायची.

एकतीस वर्षं त्यांनी घुब्र्याच्या किनाऱ्यावर
समुद्र उकळला.
गुहागरच्या एसटी स्टँडवर ते असंच सांगत.
काय करतोस रे रावजी, मस्कतला?
समुद्र उकळतो.
लोक हसायचे, कुणीतरी चहा सांगायचा,
पैसे बाबाच द्यायचे.

पासपोर्टवर रावजी धोंडू भुवड.
खलफान फोरमनच्या तोंडात त्याचं झालं राजी.
राजी, तीन नंबरचा व्हॉल्व्ह.
राजी, ईदला माणूस नाही.
राजी, आज डबल ड्यूटी.
आणि ते राजी असायचे.
हा शब्द त्यांचा आणि आपला एकच आहे
हे मला इथे नोकरीला लागल्यावर कळलं.

एकदा ऑफिसात, काम नव्हतं तेव्हा, मी हिशेब केला :
दोन वर्षांतून पंचेचाळीस दिवस,
म्हणजे माझ्या पहिल्या अठरा वर्षांत
बाबा चारशे पाच दिवस घरी होते.
दर खेपेचे पहिले दोन दिवस मी त्यांना काका म्हणायचो.
शेवटचे चार बोलायचोच नाही.
मधल्या दिवसांत ते गडगा रचत, पंप खोलून बसत,
दुपारी ओटीवर झोपत, दचकून उठत
आणि मनगटावर नसलेलं घड्याळ बघत.

साठाव्या वर्षी कंपनीने त्यांना परत पाठवलं.
आई गेल्यावर मी त्यांना पुन्हा आणलं,
या वेळी माझ्या व्हिसावर. आश्रित.
मी अर्ज वाचून दाखवला तेव्हा त्या शब्दाशी
ते चष्मा पुसत राहिले बराच वेळ.

मग ओवीला मिळाले ते. रोज.
सहा दहाच्या शाळेच्या बसला छत्री धरून
(ऊन आठनंतर चढतं, पण छत्री सहालाच),
डब्यात घावणे, वेणीला रबर, आणि वाटेत सगळी कहाणी :
किती हंडे समुद्र आटवला की एक हंडा गोडं पाणी,
वाफ कशी वर निघून जाते
आणि मीठ तेवढं खाली राहतं,
त्याला रजा नसते.
मी गाडीची चावी शोधत ऐकायचो.
मला कधीच सांगितलं नव्हतं हे.
मी विचारलंही नव्हतं, ते खरं,
पण सातव्या वर्षी काकाला काय विचारणार?

ओवी दात घासताना नळ सोडून ठेवायची.
ते ओरडत नसत. दारात उभे राहून म्हणत,
बंद कर गो. कुणीतरी रात्रपाळीला आहे.

गेले ते गावी. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले होते,
विहिरीचा पंप बघायला.
शेवटच्या फोनवर म्हणाले, नऊशेवर गेलंय रे,
खाडी आत येतेय.
मी मीटिंगमध्ये होतो. संध्याकाळी करतो म्हटलं.

मुंबईहून गाडी करून पोचलो तोवर
राखही गार झाली होती.
चुलत्यांनी पाठीवर हात ठेवला :
वाईट वाटून घेऊ नको,
धोंडूआजोबांच्या वेळी रावजी अकराव्याला आला होता.

त्यांच्या पेटीत ड्यूटीची वही मिळाली.
मराठी आकड्यांत दाब, तापमान, क्षार,
पानामागून पान.
माझ्या जन्माच्या तारखेला फक्त एक जादा शब्द :
मुलगा.
त्याखाली पुन्हा दाब, तापमान, क्षार.

काल रात्री मी बेसिनशी उभा होतो,
थेंब जिभेच्या टोकावर घेतला, डोळे मिटले.
काही कळलं नाही.
पाणी लागलं. नुसतं पाणी.
दुसरा घेतला, मग तिसरा,
आतल्या खोलीतून, अर्धवट झोपेत, ओवी :
बाबा, नळ.